बंद घरांचा रकाना

"बोट द्या," मान वर न करता सत्यशीला म्हणाली.

"ओळख ना पाळख... आन् एकदम बोटच?"

तेव्हा मात्र तिनं मान वर केली. समोरच्या स्टुलावर एक उंच, सडपातळ माणूस बसला होता. डोळे तापानं लाल, ओठ सुकलेले. पायांत शहरी बूट, तेही घोट्यापर्यंत लाल मातीनं माखलेले. काखेतली चामडी पिशवी त्यानं खाली ठेवलीच नव्हती, जणू कोणी हिसकावून नेईल.

१९८६चा मार्च. अहेरीच्या दवाखान्यामागची ती खोली म्हणजे मलेरियाची प्रयोगशाळा. एक सूक्ष्मदर्शक, एक नळ, रंगाच्या दोन बाटल्या, आणि गावोगावहून येणाऱ्या काचपट्ट्या. सत्यशीला निमगडे, बी.एस्सी., रोज पन्नास-साठ काचा वाचायची. तिला कमी बोलायची सवय होती. काचा काही गप्पा मारत नाहीत.

"डाव्या हाताचं. करंगळीशेजारचं."

"ते तर अंगठीचं बोट."

"जंतूंना अंगठीशी काही घेणं नसतं," ती म्हणाली आणि सुई टोचली.

"आई गं!"

दारात बसलेला पत्रूभाऊ खो खो हसला. जंगलातल्या गावांत पायी हिंडून तापकऱ्यांचं रक्त काचेवर गोळा करून आणायचं काम त्याचं. पंचवीस वर्षं तो हेच करत होता. "अशानं कसं होईन साहेब? माडिया लेकरं तोंडातून आवाज नाई काढत."

"नाव?" सत्यशीलानं फॉर्म ओढला.

"मोरेश्वर पिदूरकर."

"वय?"

"अठ्ठावीस. अविवाहित."

"तो रकाना नाही फॉर्मात."

"मग घालून घ्या ना एक."

तिनं रकाना घातला नाही. पण कागदावर वाकलेला तिचा चेहरा किंचित हलला, आणि ते त्या लाल डोळ्यांनी बरोबर टिपलं.

काम विचारल्यावर तो जरा ताठ बसला आणि छापील मराठीत बोलू लागला. नागपूरच्या स्थिरनीती अभ्यास मंडळात तो संशोधक होता. मंडळ पुस्तिका काढतं, आमदारांना, अधिकाऱ्यांना, संपादकांना पाठवतं. धोरणं सुचवतं.

"कसली धोरणं?"

"सरकारनं काय करावं... म्हणजे, जास्त करून, काय करू नये."

"न करण्यासाठी पुस्तिका?"

"तेविसावी लिहून राह्यलो." छापील मराठी संपली, घरची सुरू झाली. तो ऊर्जानगरचा, वडील बापूराव वीजकेंद्रात नोकरीला. अकरा दिवसांत नऊ गावं पालथी घालून तो आला होता. घरं मोजली, माणसं मोजली. सकाळी जीपनं जायचं, दुपारी परतायचं. "एका गावात, इरुपगुड्याले, एकच बाई भेटली. सोमारी. पायात काटा मोडला म्हणून घरी होती. पाणी पाजलं बिचारीनं... आन् माह्या बुटांकडे पाहून हासे. इतकी हासे, का मलेच हासू आलं."

अर्ध्या तासानं सत्यशीला सूक्ष्मदर्शकावरून उठली.

"काही नाही. काच साफ आहे. ऊन लागलंय, उपाशी फिरलात. घरी जा, ताक प्या."

"म्हणजे पुन्हा याची गरज नाई?"

"नाही."

"हे काही बरं झालं नाई," तो उठत म्हणाला.

तो पुन्हा आला. एप्रिलमध्ये आला तेव्हा निमित्त होतं तापाच्या आकड्यांचं. मे महिन्यात निमित्त नव्हतंच. नुसताच आला, अंगावर आष्टीच्या फाट्यावरची धूळ घेऊन. येताना त्यानं भेट आणली होती – करड्या पुठ्ठ्याची पुस्तिका क्रमांक एक. मंडळाचे संस्थापक वामनराव यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेली. दुसऱ्या कोणी गजरा आणला असता. सत्यशीलानं ती रात्री दोनदा वाचली. काही तिला पटलं, काही मुळीच पटलं नाही. तिचे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले नसते, 'जुनी घडी' जशीच्या तशी राहिली असती, तर ती या खुर्चीवर बसलीच नसती. पण एका वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली. 'जुनी घडी मोडण्याआधी ती बारा महिने पाहावी.'

"वाक्य चांगलं आहे," दुसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली.

"आन् ते वाक्य आणून देणारा?"

"तो... अजून तपासायचा आहे."

त्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहायचा हट्ट धरला. तिनं काच लावून दिली आणि बाजूला उभी राहिली.

"एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवायचे, पाहायचं मात्र एकानंच."

"दुसऱ्याचं काय करू?"

"काही नाही. तो राहू द्यायचा."

"तो राहत नाई ना... तुमच्याकडे जाते."

"जाऊ द्या मग," ती म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच दचकली. पत्रूभाऊ उगाच खोकत बाहेर निघून गेला. नळाचं पाणी ठिबकत राहिलं. रंग लागून निळी झालेली आपली बोटं तिनं पदरात लपवली. लपवायचं काही कारण नव्हतं, तरी.

मग पत्रं सुरू झाली. निळ्या आंतर्देशीय पत्रावर मोरेश्वरचं अक्षर दाट, तिरकं. तिचं मोकळं, सरळ. तिसऱ्या पत्रात 'तुम्ही'चं 'तू' झालं. जूनच्या शेवटी पाकिटातून पुस्तिका क्रमांक तेवीसची छपाईआधीची पानं आली – 'विरळ वस्त्यांची पुनर्रचना'. सोबत चिठ्ठी होती. 'तुझी नजर बारीक. तेवढे तक्ते पाहून दे. बाकी कोणावर माझा भरवसा नाही.'

ते वाचून तिच्या अंगावर जे काही सरसरलं, त्याला प्रयोगशाळेत नाव नव्हतं.

तीन संध्याकाळी ती पट्टी धरून आकडे तपासत बसली. बाहेर पाऊस लागून राहिला होता, छपराच्या पत्र्यावर एकसुरी. तिला एक बेरीज चुकलेली सापडली. नऊ गावांतली बंद घरं छापली होती दोनशे चौऱ्याहत्तर, खरी बेरीज दोनशे सत्तेचाळीस. तिनं लाल शाईनं दुरुस्त केलं आणि कोपऱ्यात आपली सही केली. इरुपगुडा : एकूण घरे त्रेसष्ट, राहती बावीस, बंद एक्केचाळीस. बेरीज बरोबर. तिनं बरोबरची खूण केली.

जुलैत पुस्तिका आली. आभाराच्या पानावर तिचं नाव होतं. आकडेवारीच्या तपासणीसाठी. पत्रूभाऊनं ते पान पूर्ण दवाखान्यात फिरवलं. "आमच्या बाईचं नाव छापून आलं! आता पत्रिकेवर कधी येते ते पाहू."

"पत्रूभाऊ, काचा किती आणल्या आज?"

"इषय बदलवू नका."

ऑगस्टमध्ये वरून एक हुकूम आला. इरुपगुड्याचं आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक नर्सबाई आणि गोळ्यांचा डबा. ते बावीस किलोमीटरवरच्या मोठ्या गावाला जोडलं गेलं. हुकमात पुस्तिकेचं नाव नव्हतं. 'वस्ती विरळ; दोन तृतीयांश घरे बंद' एवढंच कारण दिलं होतं. नर्सबाई डबा घेऊन गेली. मधला नाला तेव्हा छातीभर होता आणि पुढं दोन महिने तसाच राहिला.

सत्यशीलाच्या रजिस्टरात दर गावाला एक ओळ होती. इरुपगुड्याच्या महिन्याला तीसेक काचा यायच्या. सप्टेंबरात चार आल्या. ऑक्टोबरात शून्य.

शून्य बघून तिला बरं वाटलं नाही. काचा नाहीत म्हणजे ताप नाही, असं होत नसतं. काच घेणारं कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिनं पत्रूभाऊला सांगितलं. पाणी उतरताच तो गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बावन्न काचा घेऊन आला. आला तो दारातच बसला. हसला नाही.

तिनं काचा रंगवल्या. पहिली लावली. तांबड्या पेशींमध्ये बारीक अंगठ्यांसारखे जंतू, एकेका पेशीत दोन-दोन. दुसऱ्या काचेत तेच. पाचव्या काचेत चंद्रकोरीच्या आकाराचे, जुन्या आजाराचे. मेंदूत चढणारा तो मलेरिया. संध्याकाळपर्यंत बावन्नपैकी एकतीस काचांवर तिनं लाल खूण केली होती. एका काचेवर नाव होतं सोमारी. वय वीस.

"हिला गोळ्या आजच पोचायला हव्यात, पत्रूभाऊ. फार आहेत हिच्या रक्तात."

पत्रूभाऊनं नकारार्थी मान हलवली.

"ते गेली, बाई. म्या काच घेतली... आन् दुसऱ्या दिशी सकाळी गेली. म्या अजून त्याच गावात होतो."

सत्यशीलानं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. बुटांकडे पाहून हसणाऱ्या त्या मुलीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता फक्त तिचं रक्त पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी ती स्वतः पथकाबरोबर इरुपगुड्याला गेली. नाला ओलांडला, चढ चढला आणि गाव दिसलं. ती जागच्या जागी उभी राहिली. घराघरातून धूर निघत होता. अंगणांत धानाच्या पेंढ्या होत्या, कोंबड्या होत्या, दारं सताड उघडी होती. तिनं सवयीनं मोजलं. पुन्हा मोजलं. त्रेसष्ट घरं. त्रेसष्टही राहती. फक्त काही दारांशी माणसं डोक्याला हात लावून बसली होती. नऊ आठवड्यांत नऊ मरणं. सहा लेकरं, दोन म्हातारे, एक सोमारी.

सोमारीचा नवरा झिंगू पडवीत बसला होता. तिनं पत्रूभाऊला मध्ये घालून विचारलं, "मार्च महिन्यात ही घरं बंद असतात का?"

झिंगूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती चंद्रावरून आली होती.

"मोहाच्या दिवसात घरी कोन राह्यते?" तो म्हणाला. पुढचं त्याचं माडिया बोलणं पत्रूभाऊनं सांगितलं. फूल पहाटे गळते. जनावर यायच्या आधी वेचा लागते. ज्याचं झाड जवळ, तो रात्री घरी येते; बाकी गाव महिनाभर झाडांखालीच जेवते, झाडांखालीच झोपते. जाताना दाराले बोरीची काटेरी फांदी आडवी लावते, कुत्रं शिरू नये म्हून. कुलूप कोनाकडे हाये?

ती पथकाच्या मागून चालत परतली. तिला तो तक्ता दिसत होता. एकूण, राहती, बंद. आणि शेवटी तिच्या हातची, बरोबरची खूण.

मोरेश्वर आला तो नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, खुशीत. पुस्तिका गाजत होती. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन. शंभरावर विरळ वस्त्यांची उपकेंद्रं अशीच मोठ्या गावांना जोडावीत, असं मंडळाचं टिपण तिथं जाणार होतं. त्यानं तिच्यासाठी साडी आणली होती, फिक्या जांभळ्या रंगाची. खोलीत शिरताच त्याचं हसू गळून पडलं.

तिनं रजिस्टर त्याच्यापुढं उघडं ठेवलं. मग सगळं सांगितलं, काही न वाढवता, काही न गाळता.

त्यानं इरुपगुड्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काट्या लावल्या होत्या दारांले," शेवटी तो म्हणाला. "चुली थंड होत्या. मले वाटलं, पोट भराले कुठी निंगून गेले सारे. फॉर्मात दोनच रकाने होते सत्यशीला... राहती आन् बंद."

"अविवाहित लिहायलाही फॉर्मात रकाना नव्हता. तिथं बरं सुचलं तुला."

तो खाली बसला. तिला वाटलं होतं, हे बोलून हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"माह्या पुस्तिकेमुळे मेले ते?"

ती खोटं बोलू शकत नव्हती, ना त्याला मारायला, ना वाचवायला. "तुझ्या पुस्तिकेमुळेच, असं सिद्ध करता येणार नाही. आधीही तिथं ताप होता, आधीही माणसं जायची. पण नर्सबाई असताना नऊ आठवड्यांत नऊ कधी गेली नाहीत. माझ्याकडे सहा वर्षांचं रजिस्टर आहे."

त्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला. तिनं त्याला रडू दिलं. जवळ जावंसं वाटत होतं... पाय उचलला नाही.

"शुद्धिपत्र काढू," तो म्हणाला. "टिपण सभागृहात जायच्या आत. माझ्या नावानं. तुझं नाव पूर्ण गाळतो. तू हे काम खात्याची परवानगी न घेता केलं. मेमो येईन तुले, नोकरी जाईन. गोंडपिपरीले आई-बाबा तुह्याच भरवशावर हायेत."

"नाव गाळायचं नाही."

"जिद्द काऊन करून राह्यली?"

"जिद्द नाही. तक्त्यावर खूण माझी आहे. बंद म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. बेरीज जमली आणि मी... तुझी चिठ्ठी परत वाचत बसले." हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी खूश होते, मोरेश्वर. म्हणून विचारलं नाही."

डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरला वामनरावांसमोर बसली होती. धंतोलीतला जुना बंगला, भिंतभर करड्या पुस्तिका. वामनराव सत्तरी ओलांडलेले, धोतर-कोट, बोलणं हळू आणि नेमकं. सत्यशीला मनाशी भांडणाची तयारी करून आली होती. त्यांनी आधी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

रजिस्टरची नक्कल त्यांनी सावकाश वाचली.

"बाई, तुमची बेरीज तर बरोबर आहे."

"हो. म्हणूनच चूक कोणाला दिसली नाही."

"मंडळानं वीस वर्षांत तेवीस पुस्तिका काढल्या. शुद्धिपत्र एकाही पुस्तिकेला नाही." त्यांनी चष्मा काढला. "आता काढलं तर अधिवेशनात विरोधक आम्हाला सोलून काढतील. उद्या आमच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मोरेश्वर, तू पुढं माझ्या जागी बसणार, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. या कागदावर सही केलीस तर ती जागा मी तुला देऊ शकणार नाही. समजतंय?"

"समजते, सर."

सत्यशीलानं पिशवीतून पुस्तिका क्रमांक एक काढली, पेन्सिलीची रेघ होती ते पान उघडलं आणि त्यांच्यापुढं सरकवली.

वामनरावांनी स्वतःचंच वाक्य वाचलं. रस्त्यावरून एक रिक्षा घंटी वाजवत गेली. आत कुठंतरी भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं.

"बारा महिने," ते पुटपुटले. "आणि मी तुला पाठवलं अकरा दिवस. अधिवेशनाची घाई तुला नव्हती रे. मला होती."

मग त्यांनी तिच्याकडे वळून, जवळजवळ कठोरपणे म्हटलं, "माझं मत बदललेलं नाही, बाई. सरकारनं पसारा आवरावा असंच मी मरेपर्यंत लिहिणार. पण खोट्या आकड्यावर पाय ठेवून नाही. लिहा."

मोरेश्वर लिहू लागला. इरुपगुड्याची दुरुस्ती, उरलेली आठ गावंही मोहाच्याच दिवसांत मोजली असल्यानं त्यांचेही आकडे रद्द, त्यांवर उभी असलेली शिफारस मागे. शेवटी त्यानं लिहिलं – 'वरील चुकीची जबाबदारी माझी आहे.'

सत्यशीलानं त्याच्या हातातून पेन घेतलं. 'माझी' खोडलं आणि वर आपल्या सरळ अक्षरात लिहिलं – 'आम्हा दोघांची'.

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वामनराव उठून खिडकीशी गेले. परत येऊन त्यांनी खाली एक ओळ घातली, 'संपादक म्हणून माझीही', आणि कागद छापखान्यात पाठवला.

शुद्धिपत्राच्या सहाशे चिठ्ठ्या छापून आल्या. मंडळात उरलेल्या प्रतींना दोघांनी मिळून त्या चिकटवल्या. बाकीच्या, आधी जिथं जिथं पुस्तिका गेली होती तिथं, पाकिटांतून रवाना केल्या. वाडग्यात गव्हाच्या पिठाची कोमट खळ, बोटं चिकट. एकच फडकं, दोघांचे हात एकाच वेळी त्याच्याकडे जायचे. पूर्वी यावर तो काहीतरी बोलला असता.

"आपली नावं पहिल्यांदा एकाखाली एक छापून आली," कितव्या तरी प्रतीला तो हळूच म्हणाला.

"हं."

"पत्रूभाऊले काय सांगशीन?"

"सांगेन, मजकूर वेगळा आहे." ती चिठ्ठी बोटानं दाबत राहिली. "यात त्या नऊ जणांची नावं नाहीत, मोरेश्वर. नुसते आकडे आहेत. आपण अजूनही आकडेच दुरुस्त करतोय."

त्यानं खळीचा हात तसाच तिच्या हातावर ठेवला. तिनं काढून घेतला नाही. खळ वाळत गेली.

अधिवेशनात ते टिपण आलंच नाही. शंभर वस्त्यांची उपकेंद्रं जिथं होती तिथं राहिली, निदान त्या वर्षी. वामनरावांना वर्तमानपत्रांनी आठवडाभर सोलून काढलं. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. मोरेश्वरची जागा गेली. सत्यशीलाला मेमो आला, मग सिरोंच्याला बदलीचा हुकूम. नोकरी राहिली, अहेरी सुटली. आणि इरुपगुड्याचं उपकेंद्र? ते बंदच राहिलं. झालेला निर्णय फिरवायला नवीन प्रस्ताव लागतो, असं कळवण्यात आलं.

जानेवारीतल्या बाजारच्या दिवशी अहेरीच्या स्टँडवर ती सिरोंच्याच्या गाडीची वाट पाहत उभी होती. जवळ एक ट्रंक, एक वळकटी. पत्रूभाऊ तिकीट काढायला गेला होता. समोरून मोरेश्वर आला. पायांत साध्या टायरच्या चपला, पाठीवर गोळ्यांची पेटी आणि बाडबिस्तरा.

"इरुपगुड्याले चाललो," तो म्हणाला. "बारा महिने. वामनराव म्हणाले, मोजाचं असन तर आता मोज. पत्रूभाऊनं काच घ्याले शिकवलं मले. दर आठवड्याले आणून देत जाईन इथी."

"राहणार कुठं?"

"झिंगूकडे गेलो होतो. सारं सांगितलं त्याले. म्हटलं, माह्या पुस्तकात तुमच्या गावातली घरं बंद लिहिली होती." त्यानं पेटीचा पट्टा सावरला. "तो म्हणे... माह्यं तर आता हायेच बंद. तो भावाकडे राह्यते ना. मग थोड्या वेळानं म्हणे, तू उघड आन् राहा."

बाजारातून मिरचीचा खकाणा येत होता. कुठं तरी कोणी कोंबड्याच्या भावावरून तावातावानं भांडत होतं.

"बाबाले सांगितलं मी, तुह्याबद्दल," तो म्हणाला. "जात विचारली. सांगितली. दोन दिवस बोलले नाईत. तिसऱ्या दिवशी आईले म्हणे, पोरीले बोलाव तरी एकदा."

"माझ्या आईनं वेगळंच विचारलं."

"काय?"

"म्हणाली, तो पुस्तकवाला खरं बोलतो का?"

"मग? तू काय सांगितलं?"

"सांगितलं, आता बोलतो."

तो हसला, त्या हसण्यात मार्चमधलं काही उरलं नव्हतं, पण हसला. गाडी धुरळा उडवत आली. पत्रूभाऊनं ट्रंक टपावर चढवली, तिला खिडकीची जागा धरून दिली आणि डोळे पुसत बाजूला झाला.

मोरेश्वर खिडकीखाली आला. "सत्यशीला, मी काही मागाच्या लायक नाई आज. तरी विचारतो. बारा महिने झाल्यावर... येशीन?"

तिच्या डोळ्यांपुढं लाल खुणांच्या एकतीस काचा आल्या. धूर निघणारी घरं आली. हे सगळं मध्ये ठेवून संसार मांडायचा होता. ते कधी बाजूला होणार नव्हतं.

"पहिले काही महिने काही मोजू नकोस," ती म्हणाली. "नुसता राहा. त्यांची भाषा शिक."

"हे उत्तर नाई झालं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. तो दोन पावलं बरोबर चालला, मग थांबला. गर्दीत त्याची पाठीवरची पेटी तेवढी दिसत राहिली, लहान होत गेली. गाडी वळणावर आली तेव्हा सत्यशीलाच्या ध्यानात आलं... आयुष्यभर नेमकं बोलणाऱ्या आपण, नेमकं तेवढंच बोललो नाही. ती अर्धी उभी राहिली, खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली,

"हो! येईन!"

पूर्ण गाडी वळून पाहू लागली. दूर, धुरळ्यात, एक हात वर गेला.

"काय झालं बाई?" कंडक्टरनं विचारलं. "राह्यलं का कोणी? थांबवू काय गाडी?"

ती खाली बसली.

"नाही," ती म्हणाली. "जाऊ द्या."